वर्तणुकीचा रकाना

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक रकाना असतो. नाव, जन्मतारीख, इयत्ता, शाळा सोडण्याचं कारण, आणि यांच्यात दाटीवाटीनं बसवलेली ‘वर्तणूक’. बोटभर जागा. मी उभा जन्म शिक्षिकेची नोकरी केली आणि त्या बोटभर जागेत ‘चांगली’ हा शब्द किती वेळा लिहिला ते देव जाणे. सगळेच लिहितात. पण दर वेळी ‘चां’ काढताना माझं पेन जरा अडायचं, कारण माझ्या पहिल्या शाळेतले लांजेवार गुरुजी मानगुटीवर बसलेले असायचे. ‘काय पाह्यलं, बाई?’

हा त्यांचा नेहमीचा प्रश्न होता. मी म्हणावं, गुरुजी, दुसरीतली पोरं फार गुणी आहेत हो. की आलंच, ‘काय पाह्यलं?’ आता काय पाहिलं ते सांगा! सांगता आलं नाही की मान हलवत निघून जायचे. पहिल्या महिन्यात मला या माणसाचा असा संताप यायचा की विचारू नका.

आमचा चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता आणि हुकूम नागपूरहून सुटायचे. मी एकोणीस वर्षांची, नॉर्मल स्कूल, म्हणजे शिक्षकांची शाळा, पास. वडील बल्लारपूरला रेल्वेत. पहिली नेमणूक मिळाली ती कुरखेड्याच्याही पलीकडे, भुरकीटोल्याला. वडशापर्यंत गाडीनं आणि पुढे रेंगीत, म्हणजे दोन बैलांच्या हलक्या गाडीत, हाडं खिळखिळी करून घेत आम्ही बापलेक पोचलो. मातीच्या भिंती, गवताचं छप्पर, दारात शेळी. वडिलांनी शाळा पाहिली आणि म्हणाले, “चल परत. नोकरीबिकरी काही नको.”

तेवढ्यात गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्यावर काळी टोपी असा एक उंच, वाळका माणूस शेळी हाकलत आला. पन्नाशीचा असेल. त्यानं वडिलांना जोहार केला आणि म्हणाला, “राहू द्या न तिले महिनाभर. आमच्या घरी राहीन. नाई जमलं त मी सोडून देईन वडशाले.”

“कसं जमणार हो इथं?” वडील म्हणाले.

“पाहू कसं जमत नाई ते.”

हे वाक्य मग मी दोन वर्षं ऐकलं. काहीही अडलं की गुरुजी पायातल्या चपला काढून हातात घ्यायचे, “पाहू कसं होत नाई ते” म्हणायचे आणि चालू लागायचे. चपला हातात का? तर म्हणे, चिखलाकाट्यातून अनवाणी भराभर जाता येतं. भागाबाई, म्हणजे त्यांची बायको, मला म्हणायची, “याइनं चपला हातात घेतल्या का समजा लागते, बाई. आता हा मानूस ब्रह्मदेवाचा नाई ऐकत.”

मोहाच्या दिवसांत मला याचा पहिला प्रसाद मिळाला. चैत्रात मोहफुलं पडू लागली आणि शाळा रिकामी झाली. पहाटे घरंच्या घरं टोपल्या घेऊन झाडाखाली. मी हजेरीपटावर गैरहजेरीच्या रेघा ओढत बसले. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी फळा सुतळीनं पाठीला बांधला, चपला हातात घेतल्या आणि मला म्हणाले, “चाला.” आम्ही मोहाखाली शाळा भरवली. पोरं फुलं वेचता वेचता पाढे म्हणत होती, गुरुजी त्यांच्याबरोबर वाकून वेचत होते, आणि मी, बल्लारपूरच्या रेल्वे क्वार्टरात वाढलेली, पदर खोचून वेचत होते. पाठ मोडून आली. हजेरी मात्र पूर्ण भरली. “गैरहजर पोरगं नसते, बाई,” ते म्हणाले. “शाळा गैरहजर असते.” त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, इथं राहायला हरकत नाही.

त्याच वर्षी नागपूरहून नीतिपाठाचा हुकूम आला. प्राथमिक शाळेतल्या मुलांचं चारित्र्य घडवायचं, म्हणून रोज सकाळी अर्धा तास. सोबत एक छापील पुस्तिका. दर आठवड्याला एक सद्गुण. या आठवड्यात सत्य, पुढच्या आठवड्यात अस्तेय, मग नम्रता, मग काटकसर. पोरांनी ते पाठ करायचं आणि वर्षाकाठी इन्स्पेक्टर साहेबांना म्हणून दाखवायचं. मला पुस्तिका आवडली. छान रंगीत मुखपृष्ठ होतं.

गुरुजींनी ती दोनदा वाचली, हुकमाप्रमाणे पोरांकडून पाठही करून घेतली. मग म्हणाले, “हे तोंडाचं झालं. आता शनिवारी हाताचं करू.” आणि शनिवारची ती गंमत सुरू झाली.

शेवटच्या तासाला सगळ्यांनी गोल बसायचं. प्रत्येकानं आठवड्यात पाहिलेली एक चांगली गोष्ट सांगायची, पण ती दुसऱ्यानं केलेली. आणि एक वाईट गोष्ट सांगायची, ती मात्र स्वतःची. “चांगलं सांगा त दुसऱ्याचं, वाईट सांगा त आपलं.” उलट चालायचं नाही. कुणी “गुरुजी, यानं माही लेखणी चोरली” म्हणालं की गुरुजी ऐकूच येत नाही असं करायचे. ज्यानं चोरली त्यानंच उठावं लागायचं. शिक्षा काही नाही. गुरुजी एका वहीत लिहून घ्यायचे आणि इतकंच विचारायचे, “कोन्या दिवशी?”

सुरुवातीला गोंडांची पोरं उठेनात. मराठीत सांगायचं म्हटलं की मान खाली. गुरुजींना गोंडी येत होती. ते म्हणाले, “नन्ना म्हण आन सुरू कर.” नन्ना म्हणजे गोंडीत ‘मी’. झालं! तोच मंत्र ठरला. कुणब्यांची पोरंसुद्धा कबुली द्यायची तर “नन्ना” म्हणूनच उभी राहायला लागली. “तुह्यं नन्ना झालं का रे?” असं एकमेकांना विचारायची. गुरुजी स्वतःही करायचे. “नन्ना. भागाबाईवर मीठ जास्त झालं म्हणून ओरडलो. मंगळवारी. मीठ बराबर होतं.” मी मात्र करत नव्हते. माझ्याकडे पाहून ते कधी काही बोलले नाहीत, ते एक बरं.

मग हिवाळ्यात इन्स्पेक्टर साहेब आले. कोट, घड्याळ, मागे शिपाई. भागाबाईनं तलावातले शिंगाडे उकडून थाळीत ठेवलेले. साहेबांनी पुस्तिका उघडली. “असत्य बोलणे हे पाप आहे. बरं, मला सांगा, तुमच्यात खोटं कोण बोलतं?”

सगळा वर्ग एका आवाजात ओरडला, “नन्ना!”

साहेबांच्या भुवया वर गेल्या. “आणि चोरी कोण करतं?”

“नन्ना!”

“अस्सं! कोण आहे हा नन्ना? उभा राहा पाहू.”

आणि हो, सगळीच्या सगळी शाळा उभी राहिली. मी पदर तोंडात कोंबला होता. गुरुजी पुढे झाले, “साहेब, नन्ना म्हंजे—” “तुम्ही मध्ये बोलू नका, मास्तर! मुलांना पाठीशी घालायला शिकवता?” तेवढ्यात चौथीतली मंगली मडावी, आमच्या शाळेत चौथीपर्यंत टिकलेली पहिली पोरगी, खणखणीत आवाजात म्हणाली, “शिंगाडे मी खाल्ले जी. तुमच्यासाठी होते. चार.”

साहेबांनी थाळीकडे पाहिलं. “शिंगाड्यांचं काय मधेच? मी नन्नाचं विचारतोय!”

शेरेबुकात त्यांनी लिहिलं की शाळेत नन्ना नावाचा एक विद्यार्थी असून तो चोर व असत्यवादी आहे, त्याच्यावर काय कारवाई केली ते कळवावे. पुढे ऑफिसातून दोन स्मरणपत्रं आली. गुरुजींनी उत्तर धाडलं, “सदर नन्नाची दर शनिवारी चौकशी होत असते.” भागाबाई हसून हसून चुलीपुढे लोळली होती.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेण्यासारखं. पुढचं नव्हे.

मंगली एप्रिलात चौथी पास झाली. तहसिलीच्या गावी मुलींचं वसतिगृह नुकतंच निघालं होतं आणि आमच्या भागातल्या शाळांसाठी तिथं एकच जागा होती. मंगलीचा अर्ज मंजूर झाला, दाखला तेवढा जोडायचा राहिला होता. तिचा बाप डोमा आधी नको म्हणत होता. गुरुजी पाच वेळा त्याच्या अंगणात जाऊन बसले तेव्हा कुठे हो म्हणाला. “पन पुढच्या साली नाई म्हनीन हो गुरुजी,” त्यानं स्पष्ट सांगितलं. “पुढच्या साली तिचं लगन पाहीन.” म्हणजे या वर्षी गेली तर गेली.

दाखला लिहायला गुरुजी बसले आणि वर्तणुकीच्या रकान्याला एक चिठ्ठी चिकटवली. अर्धं पान भरून. ‘धाकट्या भावास पाठीवर घेऊन चार वर्षे शाळेत आली. स्वतःची पाटी फुटली ते सांगितले, दुसरीची फुटली तेव्हा स्वतःची दिली. साहेबांसाठी ठेवलेले शिंगाडे खाल्ले व सर्वांसमक्ष सांगितले.’

आठ दिवसांनी दाखला परत. ‘वर्तणूक एका शब्दात लिहावी.’

गुरुजींनी तीच चिठ्ठी पुन्हा चिकटवली आणि पुन्हा धाडला.

“अहो, लिहा ना ‘चांगली’!” मी म्हणाले. “आहे ना ती चांगली?”

“काय पाह्यलं त्या शब्दात? भाजी चांगली, बैल चांगला. मी नाई लिहीत तो शब्द.”

“का पण?”

मग त्यांनी सांगितलं. आधीच्या शाळेत मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, पोराचा दाखला लिहायची वेळ आली होती. पोरगं दांडगं, दुबळ्याला मारणारं. गुरुजींनी डोळ्यांनी पाहिलेलं. पण मालगुजारानं माणूस पाठवला आणि गुरुजींनी लिहिलं, ‘चांगली’. काही वर्षांनी ते पोरगं जंगल गार्ड होऊन त्याच भागात आलं. लाकडाची मोळी धरली की कोंबडी घ्यायचा, कोंबडी नसली की मारायचा. एका म्हातारीचा हात मोडला त्यानं. आणि रस्त्यात गुरुजी भेटले तेव्हा वाकून पायाला हात लावला. ‘तुमच्याच दाखल्यावर नोकरी लागली, गुरुजी.’

“त्या म्हातारीचा हात मी मोडला, बाई,” ते म्हणाले. “त्या दिसापासून मी त्या रकान्यात पाह्यलेलंच लिहितो.”

माणसाचं पटत होतं. पण मंगली रोज संध्याकाळी येऊन दारात उभी राहायची, “आला का जी कागद?” आणि मला गुरुजींचा असा राग यायचा! मालगुजाराच्या पोराचं पाप या पोरीच्या डोक्यावर का?

शाळा पुन्हा सुरू झाली आणि दाखला दुसऱ्यांदा परत आला. या वेळी लाल शाईत. आठ दिवसांत एका शब्दात भरून न आल्यास जागा दुसऱ्या शाळेस देण्यात येईल. गुरुजी पुस्तकं आणायला कुरखेड्याला गेलेले, दोन दिवस येणार नव्हते. डाकवाला आठवड्यातून एकदाच यायचा. तो ओसरीवर पाणी पीत बसला होता. त्याचा तांब्या रिकामा होईपर्यंत माझ्या हातात वेळ होता.

मी कोरा दाखला काढला. सगळं भरलं. रकान्यात लिहिलं ‘चांगली’. आणि खाली गुरुजींची सही केली. रोज हजेरीपटावर पाहत होते, लकब पाठ होती. पेन कुठं अडलं नाही, हे आज सांगताना लाज वाटते.

आठ-दहा दिवसांत मंगलीला बोलावणं आलं. डोमा तिला घेऊन गेला. गाव वेशीपर्यंत पोचवायला आलं होतं. दाखला दुसऱ्यांदा परत आल्याचं गुरुजींना मी सांगितलंच नव्हतं. त्यांनी विचारलं, “मानलं का त्याइनं?” मी म्हणाले, “मानलं असेल. अक्कल आली असेल ऑफिसला.”

आणि हा भला माणूस गावभर सांगत सुटला हो! ज्याच्या त्याच्या अंगणात जाऊन, “पाह्यलं का? चिठ्ठी चिकटवली तशीच गेली. झुकलो नाई म्हणून झालं!” मला जेवण जाईना. चार शनिवार पोरांचं नन्ना ऐकत मी कोपऱ्यात बसून होते. सहा वर्षांचं पोर उठून सांगायचं, नन्ना, आईची गुळाची भेली चाटली. आणि मी शिक्षिका.

पाचव्या शनिवारी मी उभी राहिले. “नन्ना,” म्हणाले. पोरं खिदळली, बाई गोंडी बोलल्या म्हणून. मग मी सगळं सांगितलं. दाखला, शब्द, सही, आणि नंतरचं खोटंसुद्धा.

गुरुजी वहीत लिहीत होते. थांबले नाहीत. पुरतं लिहून झाल्यावर मान वर न करता विचारलं, “कोन्या दिवशी?”

“मंगळवारी,” मी म्हणाले आणि रडू लागले.

त्या रात्री ते जेवले नाहीत. भागाबाई करवादली, “पोरीचं भलं झालं न? मंग काऊन तोंड फुगवून बसले जी?”

“तिच्या कागदावर खोटी सही आहे,” ते म्हणाले. “उद्या कोनी काढली त पोरगी भायेर. कोनाले मी सांगू का सही माही आहे? मी त नाई केली.” मग माझ्याकडे वळले. “दुसरा कागद लिहा लागीन, बाई. माह्या हातचा.”

“तो शब्द लिहून?” मी विचारलं.

“त्याइले एकच शब्द पायजे न.” ते उठले. “तुम्ही पन चाला.”

त्यांनी दोन दिवसांची सुट्टी काढली, मी आठवड्याची. तहसिलीच्या गावच्या ऑफिसापर्यंत दीड दिवसाची वाट. चपला त्यांच्या हातात, मी मागे. मला वाटत होतं, ऑफिसात यांनी माझं नाव घेतलं की नोकरी संपली. घेऊ देत, असंही वाटत होतं.

हेडक्लार्क पान खात बसले होते. साहेब दौऱ्यावर. गुरुजींनी जोहार केला आणि म्हणाले, “मंगली मडावीचा दाखला काढा जी. त्याच्यावरची सही माही नाई. तो फाडा, मी दुसरा देतो.”

हेडक्लार्कांचं पान चघळायचं थांबलं. “तुमची नाही? मग कोणाची?”

गुरुजी खिडकीबाहेर पाहू लागले. हेडक्लार्कांनी पुन्हा विचारलं. गुरुजी खिडकीबाहेरच. हा माणूस माझं नाव घेणार नाही, जीव गेला तरी घेणार नाही, हे मला कळलं. दुसऱ्याचं वाईट होतं ना ते!

“माझी,” मी म्हणाले. “मी केली.”

हेडक्लार्कांनी माझ्याकडे पाहिलं, साहेबांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. हे प्रकरण कागदावर आलं तर तीन प्रतींत अहवाल, चौकशी, जबान्या. त्यांनी कानामागे पेन्सिल खोचली. “बाई, मला या कानानं कमी ऐकू येतं,” म्हणाले, फाईल सोडली, जुना दाखला काढून फाडला आणि कोरा दाखला पुढे सरकवला. “लिहा मास्तर, लवकर. आणि एकच शब्द.”

गुरुजींनी सगळे रकाने भरले. वर्तणुकीपाशी थांबले. “लिहितो जी,” म्हणाले. “पन आधी ऐकून घ्या.”

आणि उभ्या उभ्या सांगायला सुरुवात केली. भावाला पाठीवर घेऊन यायची ते. पाटीचं. एकदा तापात आली होती, घरी जा म्हटलं तर कुडाच्या बाहेर बसून ऐकत राहिली, ते. शिंगाड्यांचं. हेडक्लार्क पहिल्यांदा “हो हो, पुरे” म्हणत होते. मग म्हणेनासे झाले. शिपाई दारात येऊन उभा राहिला. चार वर्षांतलं जेवढं पाहिलं होतं तेवढं सगळं सांगून झालं तेव्हा गुरुजींनी धोतराला हात पुसला आणि त्या बोटभर जागेत, वळणदार अक्षरात, ‘चांगली’ असं लिहिलं. खाली सही केली.

“अहो, हेच तर होतं आधी!” हेडक्लार्क म्हणाले.

“होतं जी. पन तुम्ही ऐकलं नोहतं.”

तिथूनच मी वडिलांना भेटायला बल्लारपूरला जाणार होते. पुढे तिथंच मला बदलीचा हुकूम मिळाला आणि भुरकीटोल्याला परत जाणं झालं नाही. गुरुजींना मी शेवटचं पाहिलं ते त्या दिवशी, ऑफिसासमोरच्या रस्त्यावर.

वसतिगृह पलीकडेच होतं. आम्ही बाहेर पडलो आणि शाळेला निघालेल्या मुलींची रांग समोरून आली. तिसरी मंगली. तेल लावून घट्ट विंचरलेल्या दोन वेण्या, छातीशी पुस्तक. मी हाक मारायला तोंड उघडलं तर गुरुजी शेजारी नाहीत! पाहते तो काय, ऑफिसात ताठ उभा राहिलेला हा माणूस रस्त्याकडेच्या चिंचेच्या आड अंग चोरून उभा.

“अहो गुरुजी, भेटा ना तिला! एवढ्या लांब आलो.”

“श्श! हाक नका मारू.” ते खोडाला आणखी चिकटले. “ती विचारीन, काऊन आले म्हणून. मंग कागदाचं सांगा लागीन मले.”

रांग आमच्यापासून दहा हातांवरून गेली. मंगली शेजारच्या मुलीला काहीतरी सांगत होती, मोठमोठ्यानं, हात नाचवत. तिचं इकडे लक्षच नव्हतं. गुरुजींनी डोळे गच्च मिटले होते, जणू त्यांनी पाहिलं नाही तर तिलाही दिसणार नव्हते.

“गेली का?” त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

“गेली.”

“हासून राह्यली होती का?”

“हो, गुरुजी.”

मग ते तिथंच चिंचेच्या मुळाशी बसले आणि भर रस्त्यात, लोक पाहत असताना, लहान पोरासारखे रडले.